उपाशी श्रोत्याची कहाणी

आदित्यराणूबाईच्या कहाणीत, म्हणजे श्रावणातल्या रविवारी सांगतात त्या व्रतकथेत, राणी बहिणीचं घर सोडून आपल्या नगराला निघते. बारा वर्षांचं दारिद्र्य भोगून झालेलं असतं, बहिणीनं सांगितलेला वसा तिनं मनापासून वसलेला असतो, राजा स्वतः न्यायला आलेला असतो. वाटेत मुक्काम पडतो. स्वयंपाक होतो, राजाचं पान वाढतात, मुलांची वाढतात, राणी आपलं पान वाढून घेते आणि तिला कहाणीची आठवण होते. कहाणी करायची तर ऐकायला कुणीतरी हवं. बरोबर लवाजमा आहे, दासी आहेत, नवरा समोर बसलेला आहे. त्यांतल्या कुणाला ती सांगत नाही. ती म्हणते, करा रे हाकारा, पिटा रे डांगोरा, कुणी उपाशी असेल त्याला शोधून आणा.

एक मोळीविक्या सापडतो. तुझी कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का, असं तो सरळ विचारतो. त्याच्या प्रश्नात मला कधी उद्धटपणा वाटला नाही. दिवसभर लाकडं फोडलेल्या माणसानं दुसरं काय विचारावं? राणी सहा मोत्ये काढते. तीन आपण घेते, तीन त्याला देते. मनोभावे तिनं कहाणी सांगितली, चित्तभावे त्यानं ऐकली, आणि लाकडाची मोळी सोन्याची झाली. दुसऱ्या मुक्कामाला भेटतो माळी. त्याचा मळा पिकत नाही, विहिरीला पाणी लागत नाही. तिसऱ्या मुक्कामाला म्हातारी. तिचा एक मुलगा वनात गेला, एक डोहात बुडाला, एकाला साप चावला. चौथ्या मुक्कामाला ज्याला कहाणी ‘काणा डोळा, मांसाचा गोळा’ म्हणते असा एक जीव पालथा पडलेला असतो. हात नाहीत, पाय नाहीत. त्याला उताणा करतात, अंगावर पाणी घालतात, आणि राणी तीन मोत्ये त्याच्या बेंबीवर ठेवते.

पोथ्यांगणिक तपशील थोडे बदलतात. मी ऐकत आले तो पाठ असा. ती बेंबीवर ठेवलेली मोत्ये मात्र माझ्या मनातून कधी गेली नाहीत. मोत्ये हातात धरायची असतात, आणि या माणसाला हातच नाहीत. म्हणून काही राणी त्याला वगळून पुढचा श्रोता शोधायला निघत नाही. ज्याला धरता येत नाही, त्याच्या देहावर जिथं जागा सापडली तिथं ती त्याचा वाटा ठेवते आणि सांगायला बसते.

गोष्टींनी आतल्या आयुष्याला वाट दाखवावी असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बोधाबद्दल बोलत असतो. गोष्ट ऐकली, तात्पर्य काढलं, ते वागण्यात आणलं. या कहाणीला ते मान्य नाही, असं मला पक्कं वाटतं. चार मुक्कामांवर कहाणी एकच आहे, शब्दही तेच, आणि चौघांची भूक चार जातींची आहे. कुणालाही तात्पर्य दिलं जात नाही. प्रत्येकाच्या आत जे अडलेलं होतं तेच हलतं. आणि राणीचं स्वतःचं काय? बहिणीच्या घरी कहाणी ऐकून तिचं अर्धंच काम झालंय. उरलेलं अर्धं या वाटेवर होतं, ती दुसऱ्याला सांगते तेव्हा. एके काळी बापाला ‘मला कहाणी ऐकायला वेळ नाही’ म्हणालेली बाई आता पान वाढून झाल्यावरही घास तोंडात घालत नाही, आधी उपाशी माणूस शोधते. तिच्यात काय बदललं हे कहाणी सांगत बसत नाही. ती फक्त हाकारा करायला लावते.

आमच्या घरी कहाणी आत्या सांगायची. श्रावणात, जेवणाची पानं घेण्याआधी, हातात अक्षता देऊन. मुलांना भूक लागलेली असायची आणि आतून पुरणाचा किंवा वरणाचा वास येत असायचा. आम्ही एका हाताची मूठ घट्ट धरून बसायचो, कारण दाणा सांडला तर आत्या थांबायची. तिच्याही मुठीत अक्षता असायच्या. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झालं की सगळ्यांच्या मुठी देवापाशी उघडायच्या. राणीची ती सहा मोत्ये म्हणजे आमच्या मुठीतले तांदूळच होते, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. सांगणाऱ्याच्याही हातात काहीतरी आहे, ऐकणाऱ्याच्याही हातात तेच आहे, आणि जोवर कहाणी चालू आहे तोवर दोघांनाही मूठ उघडता येत नाही. लहान मुलाला एकाग्र व्हायला सांगून ते होत नाही. त्याच्या मुठीत चार दाणे दिले की होतं.

ऐकणं हे काम आहे, आणि अवघड काम आहे, हे आपल्या भाषेतल्या सगळ्यात मोठ्या कथनकाराला नेमकं ठाऊक होतं. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानदेव गीता मराठीत सांगत होते. नवव्या अध्यायाच्या तोंडाशी ते एक प्रतिज्ञाच करतात: ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे’. मला फक्त तुमचं लक्ष द्या, बाकी सगळं सुख तुमच्या पदरात पडेल. आणि लगेच दुसऱ्या ओवीत आवाज खाली आणतात: जाणत्यांच्या सभेत मी हे मोठेपणानं बोलत नाही, ही माझी सलगीची विनवणी आहे. पहिल्या अध्यायात तर श्रोत्यानं कसं ऐकावं हेही सांगून ठेवलंय. शरदातल्या चांदण्याचे कोवळे अमृतकण चकोराची पिल्लं हलक्या मनानं वेचतात, तशी ही कथा अनुभवावी, ‘अति हळुवारपण । चित्ता आणूनियां’. गीतेसारखा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ समोर आहे आणि ज्ञानदेव श्रोत्याकडे बुद्धीची धार मागत नाहीत. हळुवारपणा मागतात. कहाणीतलं ‘चित्तभावे ऐकली’ आणि ज्ञानदेवांचं हे मागणं मला एकाच घरातलं वाटतं.

नारदीय कीर्तनकारांनी हे जाणून एक घडण बसवली. आधी पूर्वरंग: एक अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, शास्त्रातले दाखले द्यायचे, शंका काढून त्या सोडवायच्या. मध्ये नामाचा गजर. मग उत्तररंग: आख्यान. ध्रुवाचं, हरिश्चंद्राचं, दामाजीपंतांचं. आणि शेवटी परत पूर्वरंगातल्या अभंगाकडे. मी लहानपणी देवळात पूर्वरंगात पेंगायची आणि उत्तररंगाला जागी व्हायची. आजूबाजूच्या आज्याही तशाच. पण आख्यान संपून कीर्तनकार पुन्हा त्या अभंगावर येत, तेव्हा तासाभरापूर्वी डोक्यावरून गेलेली ओळ घशात अडकायची. मधे हरिश्चंद्रानं तारामतीकडे स्मशानाचा कर मागितलेला असे. विचार आधी पेरलेला असतो, तो उगवतो गोष्टीच्या ओलीवर. तत्त्वज्ञान आणि गोष्ट यांच्यात थोरलं कोण, हा वाद त्या मंडपात कधी कुणाला सुचला नसेल.

वडील गेले त्या वर्षी घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येकजण काही ना काही खरं बोलत होता. जन्माला आलेला जाणारच. आत्मा मरत नाही. त्यांना त्रास झाला नाही हे नशीब. एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही वाक्य आईपर्यंत पोचत नव्हतं. ती रडली नव्हती. कामं करत होती, विचारलं तर उत्तर देत होती, आणि आत कुठंतरी दार लावून बसली होती. आषाढी अमावास्या आली. वर्षाचे सण करायचे नव्हते. शेजारच्या काकू सकाळी आल्या आणि म्हणाल्या, ‘सण नाही करायचा, पण दिवे काळे ठेवायचे का?’ फडताळातल्या समया, निरांजनं, लामणदिवा, सगळं त्यांनी ओट्यावर काढलं. चिंच घेतली, आईच्या हातात एक समई दिली आणि घासता घासता दिव्यांच्या अवसेची कहाणी सांगायला लागल्या.

ती कहाणी अशी. राजाची सून एकदा घरातला पदार्थ स्वतः खाते आणि आळ उंदरांवर घालते. उंदीर सूड घेतात. रात्री तिची चोळी नेऊन पाहुण्याच्या अंथरुणात टाकतात. सकाळी बोभाटा होतो, सासरचे तिला घराबाहेर काढतात. हीच सून रोज घरातले दिवे घासायची, तेलवात करायची, अवसेला त्यांना नैवेद्य दाखवायची. ती गेली आणि ते सगळं बंद पडलं. पुढं अवसेच्या रात्री राजा शिकारीहून परतताना एका झाडाखाली उतरतो. वर झाडावर गावातले सगळे दिवे जमलेत आणि एकमेकांना आपापल्या घरचं सांगताहेत: कुणाकडे काय रांधलं, कुणाची कशी पूजा झाली. शेवटी राजाच्या घरच्या दिव्याची पाळी येते. तो म्हणतो, बाबांनो, काय सांगू, यंदा माझ्यासारखा हतभागी कुणी नाही. दरवर्षी माझा थाट सगळ्यांत मोठा असायचा.

काकू इथवर आल्या आणि आईच्या हातातली समई थांबली. आमच्या घरात त्या वर्षी जे कुणालाही म्हणता येत नव्हतं ते एका दिव्यानं म्हटलं होतं. ती खूप रडली. काकूंनी कहाणी मध्येच सोडली नाही, आणि आईला जवळही घेतलं नाही. समया घासत राहिल्या आणि शेवटपर्यंत सांगितली: राजानं ऐकलं, चौकशी केली, सून निर्दोष निघाली, तिला मेणा पाठवून परत आणली. आमच्याकडे कुणी परत येणार नव्हतं. कहाणीचा शेवट आमच्या घराला लागू नव्हता आणि आईला त्यानं काही अडलं नाही. तिला हवं होतं ते मधलं एक वाक्य.

त्या दिवसापासून बोध काढून देणाऱ्यांबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. महाभारतातून व्यवस्थापनाची सूत्रं, रामायणातून यशाच्या पायऱ्या, कृष्णाकडून शिकायच्या पाच गोष्टी. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण काकूंनी त्या दिवशी दिव्याची गोष्ट सोडून ‘दुःख व्यक्त करणं आरोग्याला चांगलं असतं’ एवढं सार सांगितलं असतं, तर आई ‘हो’ म्हणाली असती आणि समई घासत राहिली असती. गोष्टीतून सार काढून घेतलं की जे उरतं ते आपल्याला आधीपासून माहीतच असतं. आपली अडचण माहितीची नसतेच.

उपनिषदांतले ऋषी तरी कुठं सार सांगून मोकळे होतात? सत्यकाम जाबाल ब्रह्म शिकायला जातो, आणि गुरू त्याला चारशे कृश गाई देऊन रानात पाठवतो. हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असं तो पोरगा आपणहून म्हणतो. वर्षं जातात. मग एके दिवशी कळपातला बैल त्याच्याशी बोलतो, पुढं अग्नी बोलतो, हंस बोलतो, एक पाणपक्षी बोलतो. प्रत्येकजण चौथा हिस्सा शिकवतो. छांदोग्यातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते तो त्या चार हिश्श्यांसाठी नाही. गाई चारशेच्या हजार व्हायला जो काळ लागतो त्याबद्दल उपनिषद काही बोलत नाही, आणि सगळं शिक्षण त्या न बोललेल्या काळातच झालंय अशी माझी खात्री आहे. बैल बोलतो ते त्यानंतर.

आता जे लिहायचंय ते टाळून पुढं जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. कहाण्यांमध्ये भीतीही आहे. वसा टाकला की दारिद्र्य येतं, उतलं-मातलं की शिक्षा होते. शिवामुठीच्या कहाणीतल्या नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं आणि राहायला गुरांचं बेडं मिळतं, आणि ती महादेवाजवळ काय मागते? सासू-सासऱ्यांची, दिराभावांची, नणंदाजावांची, भ्रताराची नावडती आहे ती आवडती कर रे देवा. ज्यांनी उष्टं वाढलं त्यांनाच आपण आवडावं, एवढंच. हे ऐकताना लहानपणी आमच्यापैकी कुणाला काही वाटत नसे, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायकांना काय वाटत होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. पिढ्यान् पिढ्या बायकांनी ही कहाणी हातात धान्य घेऊन ऐकली आहे. काहींना तिनं धीर दिला असेल. काहींना सोसत राहायला शिकवलं असेल. दोन्ही खरं आहे.

म्हणूनच नुसतं ऐकणं पुरत नाही. घर सोडण्याआधी धनाची वाटणी करणाऱ्या याज्ञवल्क्य ऋषीला त्याच्या बायकोनं, मैत्रेयीनं, अडवलं, ज्यानं मी अमर होणार नाही ते धन घेऊन मी काय करू असं विचारलं, तेव्हा त्यानं तिला सांगितलेला क्रम बृहदारण्यक उपनिषदात आहे: आत्मा ऐकावा, त्याचं मनन करावं, मग त्याचा ध्यास घ्यावा. मधली पायरी मननाची. मनन म्हणजे ऐकलेल्याशी भांडणंही आलं. ज्या बाईला हा क्रम सांगितला गेला तिनं स्वतः नवऱ्याच्या वाटणीशी भांडूनच तो मिळवला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझी भाची दहा-अकरा वर्षांची आहे. श्रावणातल्या रविवारी मी तिला फोनवर कहाणी सांगते. राणूबाईच्या कहाणीत बाप थोरल्या लेकीकडे, म्हणजे राणीकडे, जातो आणि ती म्हणते, राजा पारधीला जाणार आहे, त्याला जेवू घालायचं आहे, मला कहाणी ऐकायला वेळ नाही. भाचीनं मला तिथंच थांबवलं. ‘मावशी, ती काम करत होती ना? मग बारा वर्षं शिक्षा कशाला?’ मी उत्तर द्यायची घाई केली नाही, कारण मलाही ते खटकत आलंय. प्रधानाच्या घरी दिलेली धाकटी मात्र काय करते पाहा: ती उतरंड काढते, तळातली मोत्ये आणते, तीन बापाला देते, तीन आपण घेते. प्रधानाच्या घरात काय कामं नसतील? तरी बापाच्या मनात काही सांगायचंय हे तिला दिसतं. यात थोरलीचं पाप दिसत नाही मला. तिच्या घरी बापाचं बोलणं ऐकायला जागाच उरली नव्हती, आणि असं घर दरिद्री व्हायला सूर्यनारायणाचा कोप लागतच नाही. हे माझं मनन. भाचीला ते पटलं नाही. ती म्हणाली, मग राजानं स्वतः वाढून घ्यायचं होतं. तिचं मनन माझ्यापेक्षा बरं आहे.

आणि कहाण्यांनाही भांडता येतं, एकमेकींशी. खुलभर दुधाच्या कहाणीत राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचाय, म्हणून घरोघरचं सगळं दूध देवळात आणायचा हुकूम निघतो. भीतीनं लोक आणतात. मुलांना ठेवत नाहीत, वासरांना ठेवत नाहीत. गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरातल्या सगळ्यांना खाऊपिऊ घालते, वासरांना पाजते, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि तेवढ्यानं गाभारा भरतो. राजा खोदून विचारतो तेव्हा ती तोंडावर सांगते: तुझ्या हुकुमानं वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, हे देवाला आवडत नाही. भीतीनं केलेल्या व्रताचं इतकं थेट खंडन मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. तेही त्याच श्रावणात, त्याच पोथीत, इतर कहाण्यांच्या शेजारी छापलेलं.

शेवटी मला महाभारतातल्या वनपर्वाकडे जायचंय, कारण दुःखातल्या माणसाला गोष्ट कशी सांगावी याचा त्याहून मोठा नमुना मला ठाऊक नाही.

द्यूतात सगळं हरून पांडव काम्यकवनात आहेत. अर्जुन अस्त्रांसाठी इंद्रलोकी गेलाय. भीम चिडलेला आहे. आत्ताच युद्ध करू म्हणतो, आणि हे सगळं तुझ्या फाशांमुळं झालं हे भावाला ऐकवायला कमी करत नाही. अशा वेळी बृहदश्व नावाचा ऋषी येतो. युधिष्ठिर त्याला आपलं सगळं सांगतो आणि विचारतो: माझ्याहून अभागी राजा तुम्ही कधी पाहिलाय किंवा ऐकलाय? मला तर वाटतं माझ्याहून दुःखी कुणी नसेल.

हा प्रश्न आपण सगळ्यांनी कधी ना कधी विचारलाय. त्याला दोनच उत्तरं सुचतात आणि दोन्ही दुखावतात. ‘हो, तुझं दुःख सर्वांत मोठं’ म्हटलं तर माणूस त्यातच बुडतो. ‘तुझ्याहून वाईट अवस्थेतले लोक आहेत’ म्हटलं तर तो एकटा पडतो. बृहदश्व म्हणतो, तुझ्याहून दुःखी राजा होता, ऐकायचं असेल तर सांगतो; आणि नलाची कथा सुरू करतो.

कथा युधिष्ठिराच्या जखमेच्या अगदी जवळून जाते. निषधांचा राजा नल. त्याच्यात कली शिरतो आणि तो फाशांनी राज्य हरतो, स्वतःच्या भावाला, पुष्कराला. दमयंती विदर्भाची, कुंडिनपूरची. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी जे कौंडण्यपूर आहे, तेच ते असं आपल्याकडे मानतात. दोघं एका वस्त्रानिशी वनात जातात, आणि एका रात्री नल ते वस्त्र अर्धं कापून झोपलेल्या बायकोला सोडून निघून जातो. युधिष्ठिरानं हे ऐकताना द्रौपदीकडे पाहिलं असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं. व्यासांनी ते लिहिलेलं नाही.

पुढं वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला नल वाचवतो, आणि तो नाग त्यालाच डसतो. नल कुरूप होतो. नाग सांगतो: माझ्या विषाची वेदना तुला होणार नाही, तुझ्या आत जो बसलाय त्याला होईल. हे वाक्य वाचून मी कितीतरी दिवस त्याच्यापाशी थांबले होते. आपल्याला विद्रूप करून गेलेलं एखादं वर्ष, एखादं आजारपण, एखादा अपमान आत काय करत असतो ते आपल्याला दिसत नसतं. नल बाहुक नावानं अयोध्येला ऋतुपर्णाचा सारथी होतो. आत कली जळत राहतो.

आणि मग तो रस्त्यावरचा प्रसंग. दमयंतीचं पुन्हा स्वयंवर आहे असं कळल्यानं ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात पोचायचंय. रथ भरधाव चाललाय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं, आणि ऋतुपर्ण चालत्या रथातून त्याच्या फांद्यांवरच्या पानांची, फळांची संख्या सांगतो. बाहुक रथ थांबवतो. राजा घाई करतो, हा ऐकत नाही. उतरतो, आणि मोजतो. बेहड्याच्या फळांचेच त्या काळी फासे होत. ज्या फळांनी त्याचं राज्य गेलं तीच फळं तो झाडाखाली बसून मोजतोय. संख्या बरोबर निघते. तो राजाकडून फाशांची विद्या, अक्षहृदय, मागून घेतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या देऊ करतो. ती विद्या मिळताक्षणी कर्कोटकाचं विष ओकत कली त्याच्या देहातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्याच्या झाडात शिरतो.

ज्यानं आपला नाश केला त्याच्याकडे पाठ फिरवून नल मोकळा होत नाही. रथ थांबवून, खाली उतरून, ते एक एक करून मोजावं लागतं. हे मी म्हणतेय. बृहदश्व म्हणत नाही. तो कथा पुढं नेतो, नल-दमयंतीची भेट घडवतो, राज्य परत मिळवून देतो. मग युधिष्ठिराला एवढंच सांगतो की नल एकटा होता, तुझ्याजवळ भाऊ आहेत, द्रौपदी आहे, विद्वान ब्राह्मण आहेत. आणि पुन्हा कुणी तुला फाशांना बोलावेल ही तुझी भीती मला ठाऊक आहे म्हणून ती विद्या मी तुला देतो. कथेतली वस्तू कथेबाहेर येऊन ऐकणाऱ्याच्या हातात पडते. युधिष्ठिराला अक्षहृदय मिळतं.

वनवास त्यानं एका दिवसानंही कमी होत नाही. बृहदश्व निघून जातो. पांडव लोमश ऋषीबरोबर तीर्थयात्रेला निघतात, आणि लोमश त्यांना प्रत्येक तीर्थापाशी एक गोष्ट सांगत जातो: अगस्त्याची, ऋष्यशृंगाची, च्यवनाची. बारा वर्षं संपतात. अज्ञातवासाचं वर्ष येतं, विराटाच्या नगरीत कुणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरवायला भाऊ एकत्र बसतात. भीम स्वयंपाकघरात जाणार, अर्जुन नाच शिकवणार. युधिष्ठिर म्हणतो, मी कंक नाव घेईन, आणि राजाबरोबर फासे खेळेन.